मनःपूर्वक चेष्टा

नया बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, ता. १४ नोव्हेंबर १९३७, सकाळी सात वाजून दहा मिनिटे

सौ. शरयूबाई यांस नमस्कार.

मी या घटकेला बाड्याच्या चौकात पोस्टाच्या पायऱ्यांवर बसलो आहे. नुकतीच बेडई खाल्ली. नंतर नळावर दोनदा हात धुतले आणि मगच कागद काढला. तरी कोठे तेलाचा डाग दिसल्यास तो माझा निष्काळजीपणा समजू नये. बेडईच तशी असते.

पतीने पत्नीला आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, हे मी कचेरीतल्या माधवरावांना विचारले. आमच्या छोट्या आगगाडीच्या माल कचेरीत ते माझ्या शेजारच्या मेजावर बसतात. ते म्हणाले, “अरे, बायकोला लिहितोयस की रेसिडेंटसाहेबाला? लिहून टाक ना काहीतरी.” काहीतरी लिहिणे मला जमत नाही. आपण मॅट्रिक झालेल्या आणि मी मिडलनंतर शाळा सोडलेला, तेव्हा नमस्कार चुकीचा ठरणार नाही असे वाटले.

दिवाळी झाली. पहिल्या दिवाळसणाचे बोलावणे पुण्याहून येईल म्हणून आईने मला कोट शिवून घेतला होता. तो खुंटीवर आहे. आले ते आपले बंधू श्रीपादराव यांचे एक कार्ड: “सौ. शरयू यापुढे येथेच राहील. कारण आपणांस ठाऊक आहेच.” मला कारण ठाऊक नाही. हे मी शपथेवर लिहितो.

लग्नात आपल्या वडिलांनी मला एकच गोष्ट विचारली होती, की मुलीला कॉलेजात घालाल का. मी तेव्हा नुसती मान हलवली. नंतर वाटले, एवढ्या मोठ्या गोष्टीला मान हलवणे पुरे नाही, म्हणून भाद्रपदात त्यांना पत्र लिहिले. चार वेळा लिहून पाचवी प्रत पाठवली. त्यातले वाक्य मला पाठ आहे: “आपल्या कन्येच्या पुढील शिक्षणाविषयी मी मनःपूर्वक चेष्टा करीन. माझी आई शिकलेली नाही, तरी तीही आपल्या परीने चेष्टा करील. आणि आमचे पाहून आळीतील इतर घरेही अशी चेष्टा करू लागतील, असा मला भरवसा आहे.” मी हे पुन्हा पुन्हा तपासले. मनःपूर्वकमधला विसर्ग जागेवर आहे, पू दीर्घ आहे. यात मला एकही चूक सापडत नाही.

तेव्हा दोष वाक्याचा नसून गावाचा असला पाहिजे. माहेरी जाण्यापूर्वी आपण येथे राहिलात ते ज्येष्ठातले दिवस. बाहेर लूचे गरम वारे वाहत होते, दारांना ओले पडदे होते. आपण स्वयंपाकघर आणि मागचे अंगण यांपलीकडे काही पाहिले नाही. एकदा संध्याकाळी गच्चीवर वाळवण काढताना आपण वर बघून मला विचारले होते, “तिथे वर काय आहे?” मी म्हणालो, “किल्ला.” मग आपण खाली गेलात. ते उत्तर मला तेव्हापासून टोचते आहे. खरे असे, की वर काय आहे हे मलाही नीटसे माहीत नव्हते. जन्मापासून जे डोक्यावर आहे ते कोण बघतो?

म्हणून ठरवले आहे, की आता सुट्टीच्या दिवशी एकेक जागा बघायची, तिथे काय खायला मिळते तेही बघायचे आणि आपल्याला कळवायचे. उत्तर दिले नाहीत तरी चालेल. निदान “किल्ला” एवढ्यावर राहायला नको.

आज बाडा. रोज कचेरीला जाताना मी हा चौक ओलांडतो, पण मान खाली घालून, कारण टांगे. आज प्रथमच मधोमध उभा राहून एकदा सगळीकडे फिरून पाहिले. भोवतीच्या एकाही इमारतीचा घाट दुसरीसारखा नाही. एकीला विलायती खांब, एकीला राजस्थानी झरोके, एकीची कमान मशिदीसारखी. जणू निरनिराळ्या देशांचे पाहुणे पंगतीला बसले आहेत आणि कोणी कोणाची भाषा बोलत नाही, तरी पंगत शोभते आहे. सकाळचे ऊन पोस्टाच्या घुमटावर आधी येते आणि मग हळूहळू खाली पायऱ्यांवर उतरते. ते माझ्या पायापर्यंत आले तेव्हा मी बाजूला सरकलो. उगाच वाटले, आपण त्याच्या वाटेत आहोत.

बेडई म्हणजे आत वाटलेल्या डाळीचे सारण असलेली खरखरीत पुरी. सोबत बटाट्याची पातळ, झणझणीत भाजी, पानाच्या द्रोणात. दुकानदार विचारीत नाही, वाढतच जातो. मी म्हटले, “बस, भैया.” तो म्हणाला, “बाबूजी, बस तो पेट बोलेगा, आप काहे बोल रहे हो?” वर जिलेबी. तिखटावर लगेच गोड, हा येथला रिवाज आहे. पुण्यात असे करतात का, मला माहीत नाही.

आपला,
मधुसूदन रघुनाथ डबीर


रविवार, ता. २८ नोव्हेंबर १९३७, दुपारी

सौ. शरयूबाई यांस नमस्कार.

आपले उत्तर नाही, परंतु माझे पत्रही परत आलेले नाही. त्यावरून मी हे लिहीत आहे.

आज वर गेलो होतो. तिथे वर काय आहे, त्याचे उत्तर आता देतो.

चढण सुरू झाली की मध्येच एक लहानसे देऊळ लागते, एकाच दगडात कोरलेले. ते मी एरवी ओलांडून गेलो असतो. पण दौलतगंजात विजयाबाई म्हणून वाईच्या एक बाई कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ चालवतात. तिथे गणित शिकणारा एक विद्यार्थी जेवायला असतो. त्याने बजावले होते, “डबीरजी, वहाँ दीवार पर शून्य देखना.” मी म्हटले, शून्य काय बघायचे? दिवसभर पावत्यांवर तेच तर लिहितो. तरी पाहिले. भिंतीवर लेख आहे. देवाला रोज फुलांच्या माळा द्याव्यात, बागेसाठी इतकी जमीन, असा हिशेब. त्यातल्या आकड्याच्या शेवटी एक बारीक गोल. हजार वर्षांहून जुना, असे तो विद्यार्थी सांगतो. हरभऱ्याएवढा. मी माझ्या पावतीवर काढतो तसाच, किंचित डावीकडे कललेला. मी खाली बसून तो जवळून पुन्हा पाहिला. ज्याने कोणी तो कोरला तोही कारकूनच असणार. माळ्याचा हिशेब चुकू नये एवढीच त्याला काळजी. त्याच्या हाताखालून काय गेले, हे त्याला कोणी सांगितले नसेल.

त्यापुढे मानमंदिर हा जुना राजवाडा. आपण गच्चीवरून पाहिलीत ती त्याची भिंत. दुरून ती मातकट दिसते. जवळ गेल्यावर दिसते, की तिच्यावर निळ्या फरशांचा पट्टा आहे, आणि त्यात पिवळ्या बदकांची रांग चालली आहे. लढाईच्या किल्ल्यावर बदके. शेजारी केळीची झाडे, हत्ती, मगरी. निळा कसा, ते सांगायला मी अर्धा तास शब्द शोधला. आपल्या लग्नातल्या शालूची किनार होती, तिच्याजवळपास आहे. पण ऊन पडले की तिच्याही पुढे जातो.

आणखी एक जुळे देऊळ आहे, त्याला सगळे सासबहूचे देऊळ म्हणतात. सास म्हणजे सासू, बहू म्हणजे सून. तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराने सांगितले, की मूळ नाव सहस्रबाहू. लोकांच्या तोंडी झिजत झिजत ते सासबहू झाले, आणि मग लोकांनी त्यावर गोष्टही रचली, की सासूचा देव वेगळा, सुनेचा वेगळा, म्हणून दोन देवळे. मला नवल वाटले. एवढा थोरला दगडी देव, आणि एक शब्द घसरला तर त्याची सासू होते.

घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, “तिला ते देऊळ आधी नको दाखवूस. म्हणेल, ह्यांच्याकडे तशीच पद्धत असेल.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “मधू, तिची उंची किती रे? मी तिला बसलेलीच जास्त पाहिली.” मी विचारले, कशाला. ती उठून आत गेली. पण सराफ्याजवळच्या दुकानातून तिने संक्रांतीसाठी काळे लुगडे आणून ट्रंकेत तळाशी ठेवले आहे, ते मी पाहिले. लग्नानंतरची पहिली संक्रांत. ती ता. १४ जानेवारीला आहे.

किल्ल्यावर खायला काही नव्हते. खाली उतरल्यावर मुगाच्या डाळीची गरम भजी घेतली, हिरव्या चटणीशी. येथे त्यांना मुंगोडे म्हणतात. ती खाताना वर बघत होतो. बदके तिथून दिसत नाहीत, पण ती आहेत हे आता मला माहीत आहे.

आपला,
मधुसूदन


मंगळवार, ता. १४ डिसेंबर १९३७, दुपारी दीड वाजता, माल कचेरी

सौ. शरयू,

आज लिहायचे होते ते तानसेनाच्या कबरीविषयी. रविवारी तिथे जाऊन आलो आहे. शेजारी त्याच्या गुरूची मोठी कबर आहे. तिच्या भिंती दगडाच्या जाळीच्या आहेत, आणि आत शिरले की उजेडाची रांगोळी सगळ्या जमिनीवर पडलेली असते, पाय कोठे ठेवावा कळत नाही. मी चपला बाहेर काढल्या होत्या तरी टाचा उचलून चाललो. तानसेन मात्र बाहेर साध्या चौथऱ्याखाली आहे. वर चिंचेचे झाड. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो असे गवई मानतात. मीही चार पाने खाल्ली. मला गायचे नव्हते. माझे लिहिणे कोणाला तरी गोड लागावे, एवढीच इच्छा होती.

परंतु आता त्याहून मोठी गोष्ट घडली आहे. 

आज दुपारी विजयाबाईंकडे जेवायला गेलो. त्यांची अळूची भाजी पुण्यासारखी होते असे ऐकले होते. आपण आल्यावर आठवण झाली तर जवळ असावी, म्हणून चव बघायची होती. विजयाबाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या, “का रे, तोंड का उतरलंय? खारट झालीय का?”

मी म्हणालो, “भाजी चांगली आहे. पुण्याहून उत्तर नाही. मी किती चेष्टा केली, तरी त्या येत नाहीत.”

त्यांचा हात थांबला. “काय केलंस?”

“चेष्टा. मनःपूर्वक केली. आईही करणार होती.”

“सासूसुद्धा?”

“मी तसे लेखी कबूल केले होते. दोघेही करू म्हणून.”

“लेखी,” त्या म्हणाल्या आणि पोळ्यांची परात खाली ठेवून पाटावर बसल्या. “मेल्या, बायकोची चेष्टा करणार म्हणून सासऱ्याला लेखी कळवतोस, आणि ती नांदायला येत नाही म्हणून सुतकी तोंडानं माझी भाजी खातोस?”

मला काही कळेना. मी म्हणालो, चेष्टा म्हणजे प्रयास. मेहनत. त्या म्हणाल्या, “आमच्या वाईत चेष्टा म्हणजे थट्टा. खिल्ली. टवाळी. पुण्यातही तेच, साताऱ्यातही तेच. तुझ्या आईला विचार.”

शून्यवाला विद्यार्थी पलीकडच्या पाटावर होता. तो माझ्या बाजूने म्हणाला, “पर माताजी, हमारी किताब में तो चेष्टा माने प्रयत्न ही लिखा है।”

“असेल बाबा तुमच्या किताबात,” विजयाबाई म्हणाल्या. “ह्याची बायको तुमच्या किताबात नाही ना.”

सगळी पंगत हसली. मी हसलो नाही. मला ते वाक्य एकदम तुमच्या बैठकीत, तुमच्या वडिलांच्या तोंडून ऐकू आले. मी तुमच्या शिक्षणाची मनःपूर्वक टवाळी करीन. माझी अडाणी आई आपल्या परीने टवाळी करील. आमचे पाहून सगळी आळी टवाळी करू लागेल. आणि वर भरवसा.

विजयाबाई म्हणाल्या, “अरे, मग सरळ कोशिश लिहायचं होतंस. निदान कळलं तरी असतं.” मी सांगितले, की कोशिश हा शब्द फारसी आहे, तो आम्ही घरी बोलतो. पुण्याला लिहायचे म्हणून मला शुद्ध हवा होता. आमची शाळा हिंदीत, कचेरी हिंदीत. मराठी म्हणाल तर आईच्या तोंडची. आईच्या तोंडी हा शब्द कधी आला नाही, कारण आमच्या घरात कोणी कोणाची थट्टा करीत नाही. वडील गेल्यापासून कमीच. मला वाटले, संस्कृत दिसतो आहे, म्हणजे दोन्हीकडे एकच असणार. मी त्याची वेलांटी तपासली, काना तपासला. अर्थ तपासावा असे मनातच आले नाही.

कचेरीत येऊन माधवरावांना सांगितले. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, “दिवाळसण एका शब्दात घालवलास की रे. आता तार कर.” तारेत मावेल असे मला वाटले नाही.

म्हणून लिहितो. मला तुम्हाला कॉलेजात घालायचे आहे. त्यासाठी मी प्रयत्न करीन. प्रयत्न हा शब्द मी विजयाबाईंना दोनदा विचारून घेतला आहे. आपल्या येथल्या कॉलेजात यंदा चार मुली आहेत, परीक्षा आग्र्याच्या युनिव्हर्सिटीची असते, नावे जुलैत घालतात. मी फाटकाशी जाऊन पाहून आलो. आत शिरण्याचा धीर झाला नाही, पण बाहेरूनच आतली इमारत पाहिली. तिथे तुम्ही पुस्तके घेऊन शिरता आहात आणि मी बाहेर सायकल धरून उभा आहे, असे मला स्पष्ट दिसले. सायकल माझ्याकडे नाही. तरी दिसली.

तुम्ही आला नाहीत तरी एवढे खरे मानावे, की तुमची टवाळी करावी असे या घरात कोणाच्याही मनात कधी आले नाही.

मधुसूदन

ता. क. — या पत्रात आणखी एखादा शब्द तसा गेला असेल, या भीतीने मी ते विजयाबाईंना वाचून दाखवले. त्यांनी एकच सुधारणा सांगितली: “बायकोला आपण-आपण म्हणणं बंद कर. कीर्तनकार वाटतोस.” म्हणून पत्राचा मागचा अर्धा भाग पुन्हा तुम्हीत लिहून काढला आहे. नंतरचा अर्धा म्हणायचे होते.


बुधवार, ता. २९ डिसेंबर १९३७, सायंकाळी

प्रिय शरयू,

तुमचे कार्ड आले. मी ते पोस्टमनकडून घेतले, वाचले, आणि मग घराचे दार उघडेच टाकून बाड्यापर्यंत चालत गेलो, असे आई म्हणते.

तुम्ही लिहिता, की पहिल्या पत्रात मी तेच वाक्य पुन्हा उतरवून “यात एकही चूक नाही” असे म्हटले, तेव्हा श्रीपादरावांनी पत्र फाडायला घेतले, आणि तुम्ही ते हातातून ओढून घेतले, कारण मागच्या पानावर बेडई होती.  बेडईने जे राखले, ते मी पाच प्रती लिहून घालवले होते.

पुढे लिहिता: “तानसेनाच्या झाडाचा पाला खाल्ल्यावर आवाज सुधारला असेल, तर आता शब्दांसाठीही एखादे झाड तिकडे आहे का, ते बघावे.” ही तुम्ही माझी चेष्टा केलीत. पुण्याच्या अर्थाने. आईला वाचून दाखवले तर ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती. या घरात हसू ऐकण्याची मला सवय राहिली नव्हती, मी आधी घाबरलो.

आणि तुम्ही विचारता, महालात जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी धावते म्हणतात, ते खरे का. ग्वाल्हेरात राहून मीही ते नुसते ऐकलेलेच होते. आता ऐका.

सोमवारी मुंबईहून महालाच्या नावची काचसामानाची पेटी आली. ती पोचवून सही आणायला मला पाठवले. मागच्या बाजूने नेले. तिथे महिपतराव म्हणून भोजनशाळेकडचे जुने नोकर आहेत, आपल्याकडचेच मराठे. त्यांनी पेटी तपासून घेतली आणि विचारले, “काय हवं आणखी? उभे का?”

मी म्हणालो, “पुण्याला माझ्या घरच्यांनी विचारले आहे, की आगगाडी खरी आहे का.”

“मग खरी आहे म्हणून कळवा.”

“बघितल्याशिवाय कसे कळवू? आधीच एकदा न बघता लिहिले आणि घोटाळा झाला.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “सरकार शिकारीला गेलेत म्हणून. दारातून बघायचं. हात लावायचा नाही. श्वाससुद्धा दुरूनच.”

शरयू, ते दालन एवढे मोठे, की पलीकडच्या भिंतीवरचे घड्याळ मला वाचता आले नाही. मधोमध मेज, आणि मेजावर काठाकाठाने रूळ. खरे रूळ, बोटाएवढ्या रुंदीचे, त्यांना खाली पट्ट्यासुद्धा. इंजिन चांदीचे. मागे सात डबे, त्यांवर काचेच्या सुरया, आणि प्रत्येक डब्यावर राजघराण्याच्या नावाचे एकेक इंग्रजी अक्षर. मी ती अक्षरे लावून पाहिली. स्पेलिंग बरोबर होते.

मी दिवसभर गाड्यांत असतो. कोळसा, धान्य, दगड, मालाच्या बिल्ट्या, हमालांची भांडणे. गाडी म्हणजे धूळ, असे माझ्या अंगात बसलेले. महिपतरावांनी कोठेसे बटण दाबले आणि ती चालू लागली. आवाज नाही, धूर नाही. नुसती एखाद्याने हळू विचारल्यासारखी कुजबुज. ती प्रत्येक रिकाम्या खुर्चीपुढून गेली. बसलेले कोणी नव्हते, तरी ती प्रत्येकापुढे गेली. महिपतरावांनी एका डब्यावरची सुरई उचलली. गाडी जागच्या जागी थांबली. मी विचारले, बिघडली का? ते म्हणाले, “बिघडते कशाला? पाहुणा ओतून घेईपर्यंत थांबते. सुरई जागेवर ठेवली की निघते.” आणि त्यांनी ती परत ठेवली, आणि ती निघाली.

मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. शेवटी महिपतराव म्हणाले, “निघा आता. नाहीतर तुमच्या घरच्यांना वाटेल तुम्हालाच मेजावर ठेवलं.”

बाहेर आलो तर गेटपाशी गजकवाला. गजक म्हणजे तीळ आणि गूळ कुटून कुटून इतका हलका केलेला, की जिभेवर ठेवला की राहत नाही. तो मोठ्या लाकडी हातोड्याने कुटतात. तिळगुळाचीच जात आहे. एक शेर पार्सलाने पाठवतो आहे. संक्रांतीला अवकाश आहे, पण गोड बोलण्याची मला घाई आहे.

तुमचा,
मधुसूदन


गुरुवार, ता. ६ जानेवारी १९३८, दुपारी साडेतीन, ग्वाल्हेर स्टेशन

प्रिय शरयू,

तुझे पत्र काल मिळाले. तू लिहिलेस, की तू माझे खुलाशाचे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलेस, आणि विजयाबाईंच्या वाक्यापाशी त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. श्रीपादराव मात्र हसले नाहीत. त्यांचे म्हणणे, शब्द चुकला हे मागाहून सुचलेले असेल. घरात बोलावून मुलीचे हाल करणारे लोक पत्रात गोडच लिहितात. त्यांच्या समाधानासाठी मी स्वतः यावे आणि सर्वांसमोर ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवावे. नंतर जायचे की नाही, ते तू ठरवशील.

श्रीपादरावांचा मला राग नाही. माझ्या बहिणीविषयी कोणी तसे लिहिले असते तर मी कार्डही पाठवले नसते.

म्हणून निघालो आहे. हे पत्र येथेच पेटीत टाकतो. ते आणि मी एकाच गाडीने येत आहोत. ते पुढे टपालाच्या डब्यात, मी मागे तिसऱ्या वर्गात. मीच येत असता पत्र कशाला, असे माधवरावांनी विचारले. ते यासाठी, की तुमच्या बैठकीत एवढ्या माणसांसमोर माझ्या तोंडून ते एक वाक्य निघाले तरी पुष्कळ. बाकीचे येथे लिहितो.

वाक्य असे आहे: “आपल्या कन्येच्या शिक्षणासाठी मी मनापासून प्रयत्न करीन.” मनःपूर्वक काढून टाकले. विजयाबाई म्हणाल्या, तो शब्द बरोबर आहे, पण माझ्या तोंडी विसर्ग अडखळतो. आईचे वाक्य तिने स्वतः सांगितले आहे, ते तसेच म्हणेन: “तिला म्हणावं, सकाळचा स्वयंपाक माझा. तिनं वाचावं. आणि लुगडं आखूड झालं तर मला दोष देऊ नये, मला कोणी उंची सांगितली नाही.”

तू आलीस तर पहिल्या रविवारी बेडई. नंतर किल्ला, चढताना मध्ये थांबून ते हरभऱ्याएवढे शून्य, आणि मग बदके. सासबहूचे देऊळ आई बरोबर असताना बघू, तिची तशी अट आहे. सध्या मेळाही भरला आहे. तिथे रात्री इतके विजेचे दिवे लागतात, की किल्ल्यावरून पाहणाऱ्याला आकाश खाली आले असे वाटत असेल. मी अजून आत गेलेलो नाही. एवढी एक जागा न बघता ठेवली आहे.

तू विचारलेस, की या सगळ्या खाण्याफिरण्याला खर्च किती आला आणि आईंना तो ठाऊक आहे का. ठाऊक आहे. हिशेब खाली देतो. गाडीला अजून अवकाश आहे.

बेडई, कचोरी, जिलेबी, मुंगोडे मिळून : सात आणे
किल्ल्याला टांगा, जाऊन येऊन : दहा आणे
तानसेनाच्या कबरीला टांगा : सहा आणे
विजयाबाईंकडे सहा जेवणे : एक रुपया दोन आणे
गजक दोन शेर, पैकी एक पुण्यास पोचला, एक बरोबर : एक रुपया चार आणे
टपाल व पार्सल : बारा आणे
चिंचेचा पाला, शून्य, बदके, चांदीची आगगाडी : काही पडले नाही
एकूण : चार रुपये नऊ आणे
पुण्याचे तिकीट, तिसरा वर्ग, एक : अकरा रुपये आठ आणे

देणे —
माधवरावांचे हातउसने, परतीच्या दोन तिकिटांसाठी : वीस रुपये, चार महिन्यांत फेडायचे (वरचे तीन माझ्याजवळ आहेत)
विजयाबाईंचे सातवे जेवण, आज निघतानाचे : पैसे घेत नाहीत. म्हणतात, तिला घेऊन ये आणि दोघांचे मिळून दे.

याशिवाय परत आल्यावर स्टेशन ते नया बाजार टांगा, एका माणसाचे चार आणे, दोघांचे आठ. ते कोटाच्या आतल्या खिशात वेगळे ठेवले आहेत. पावल्या दोन मिळत होत्या. मी आठ आण्यांचे एकच नाणे घेतले आहे.

तुझा,
मधुसूदन